स्ट्रेन गेज चिकटवायच्या आधी आणि नंतर: काँक्रीट-स्टीलच्या कामावर नवीन आलेल्यांसाठी

सिव्हिलची पोरं कॉलेज संपवून साइटवर येतात तेव्हा स्ट्रेनची व्याख्या तोंडपाठ असते, लांबीतला फरक भागिले मूळ लांबी, पण गेजचं (स्ट्रेन मोजायला पृष्ठभागावर चिकटवायच्या सेन्सरचं) पाकीट हातात दिलं की चिकटवायची बाजू कुठली इथपासून सुरुवात. त्यात त्यांचा दोष नाही, कॉलेजात यूटीएमवर (ओढून-दाबून तपासायच्या मशीनवर) सळई तोडून दाखवतात आणि विषय संपतो, गेज चिकटवायला कोणी देत नाही. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, चिकटवणं दोन-चार दिवसांत जमतं, खरं काम आहे ते झीरो (मोजणी जिथून सुरू केली ते शून्य) आणि टेम्परेचर सांभाळायचं, आणि रिपोर्टमधले घोळही बहुतेक तिथेच होतात.

आधी आकड्यांचा अंदाज घ्या

आपण मोजतो मायक्रोस्ट्रेनमध्ये, म्हणजे दहा लाखात एक भाग. एक मीटर लांब वस्तू एक मायक्रॉनने ताणली गेली की झाला एक मायक्रोस्ट्रेन. स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस (स्ट्रेस भागिले स्ट्रेन) २ लाख एमपीए (मेगापास्कल, म्हणजे चौरस मिमीला एक न्यूटन) धरतात, त्यामुळे हिशोब एकदम सोपा, ५ मायक्रोस्ट्रेन म्हणजे १ एमपीए. साधं एमएस (माइल्ड स्टील), ज्याचा यील्ड (ज्या स्ट्रेसला ते कायमचं लांबू लागतं) २५० एमपीए, ते १२५० मायक्रोस्ट्रेनला यील्डला पोचतं. ५०० ग्रेडची सळई नुसतं भागून २५०० ला.

काँक्रीटचं गणित वेगळं. आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे मॉड्युलस म्हणजे ५००० गुणिले ग्रेडचं (एमपीएमधल्या ताकदीचं) वर्गमूळ, म्हणजे एम २५ ला २५,००० एमपीए, तिथे १ एमपीएला ४० मायक्रोस्ट्रेन. बेंडिंगमध्ये दाबाच्या बाजूला ३५०० पर्यंत जायची मुभा कोड देतो, पण ताणाच्या बाजूला बघा: फ्लेक्झरल स्ट्रेंग्थ (वाकताना ज्या स्ट्रेसला काँक्रीट फुटतं ती) ०.७ गुणिले वर्गमूळ, म्हणजे ३.५ एमपीए, भागिले २५,०००, आले फक्त १४० मायक्रोस्ट्रेन. एवढ्यात क्रॅक. आता तुमच्या रीडिंगमध्ये ३० मायक्रोस्ट्रेनची गडबड असेल तर स्टीलवर ती ६ एमपीएची, एक वेळ चालेल, पण काँक्रीटच्या ताणाच्या बाजूला तुम्ही जे मोजायला आलात त्याचा पाचवा हिस्सा त्या गडबडीतच गेला.

म्हणून साइटवर जायच्या आधी हाताने हिशोब करून अपेक्षित आकडा वहीत लिहा. गर्डरवर ट्रक आला की खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) ८० ते १०० मायक्रोस्ट्रेन यायला हवेत हे आधी माहीत असेल तर मीटरवर ८५० दिसल्यावर तुम्ही लगेच थांबाल. माहीत नसेल तर ८५० रिपोर्टमध्ये जाईल, आणि मग मीटिंग.

कुठलं गेज घ्यायचं

हे ठरतं दोन प्रश्नांवर, किती दिवस मोजायचंय आणि किती वेगाने.

एक-दोन दिवसांची लोड टेस्ट असेल, किंवा गाड्या जाताना पूल किती थरथरतो ते बघायचं असेल, तर फॉइल गेज. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर नागमोडी धातूची जाळी, ताणली की रेझिस्टन्स वाढतो. याचा पूर्वज म्हणजे तारेचं चिकटवायचं गेज, ते १९३८ च्या सुमारास अमेरिकेत कॅलटेकच्या सिमन्स आणि एमआयटीच्या रूग या दोघांनी एकमेकांना न विचारता काढलं, रूग तेव्हा भूकंपात पाण्याची टाकी कशी वागते त्याच्या मॉडेलवर काम करत होते. आज १२० आणि ३५० ओहमची गेजं मिळतात, गेज फॅक्टर (रेझिस्टन्स ज्या प्रमाणात बदलतो ते प्रमाण स्ट्रेनच्या कितीपट) साधारण २. म्हणजे १२० ओहमच्या गेजला १००० मायक्रोस्ट्रेनला फरक पडतो ०.२४ ओहम. एवढा बारीक फरक मल्टिमीटरवर नीट दिसत नाही म्हणून व्हीटस्टोन ब्रिज (चार हातांत चार रेझिस्टन्स असलेलं, बारीक फरक व्होल्टेजमध्ये दाखवणारं सर्किट) लागतो.

महिनोन्‌महिने मोजायचं असेल, भुयारी मेट्रोच्या खड्ड्यातले स्ट्रट (भिंतींना दिलेले आडवे टेके), पाइल, धरण, मोठा राफ्ट (पायाचा जाड स्लॅब), तर व्हायब्रेटिंग वायर गेज. आत एक ताणलेली तार असते, तिला विजेने छेडायचं आणि ती किती हर्ट्झला वाजते ते मोजायचं, सतारीची तार पिळली की सूर चढतो तसंच, स्ट्रेन हा फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. याचा मोठा फायदा हा की सिग्नल फ्रीक्वेन्सीत असतो, त्यामुळे शे-दोनशे मीटर केबल टाकली, जॉइंटला थोडं पाणी लागलं तरी रीडिंग सहसा बिघडत नाही. तोटा, साध्या रीडआउटवर एका रीडिंगला सेकंद-दोन सेकंद जातात, चालत्या गाडीचा धक्का त्यात सापडत नाही.

आणि तिसरा डीमेक गेज. याला कोणी विचारत नाही, माझा मात्र आवडता. काँक्रीटवर दोन छोट्या स्टीलच्या चकत्या चिकटवायच्या, मधलं अंतर समजा २०० मिमी, आणि डायलवालं यंत्र हातात धरून त्यांच्या भोकांत टेकवून वाचायचं. वीज नाही, वायर नाही, सोबत इनव्हारची (उष्णतेने जवळपास न वाढणाऱ्या धातूची) पट्टी येते तिच्यावर दर वेळी आधी चेक करायचं. क्रॅक असलेल्या जुन्या बीमवर वर्षभर लक्ष ठेवायचंय आणि बजेट नाही, तर हाच घ्या. फक्त प्रत्येक वेळी एकाच माणसाने वाचायचं, हात बदलला की आकडा बदलतो.

फायबर ऑप्टिकवालेही असतात, एकाच फायबरवर बरेच सेन्सर बसतात, विजेच्या लाइनचा त्रास नाही, पण वाचायचं यंत्र महाग. पहिल्या कामासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

गेजची लांबी आणि जागा

स्टील एकसारखं असतं, तिथे ५-६ मिमीचं गेज पुरतं. काँक्रीटमध्ये खडी आहे, मॉर्टर आहे, लहान गेज नेमकं एका खडीवर बसलं तर तुम्ही दगडाचा स्ट्रेन मोजताय. नियम असा की गेजची लांबी सगळ्यात मोठ्या खडीच्या निदान तिप्पट, जमलं तर पाचपट, म्हणजे २० मिमी खडीला ६० ते १००. बाजारात ६० आणि ९० ची मिळतात, ९० घ्या.

जागा निवडताना वेल्ड, बोल्टचं भोक, स्टिफनर यांच्यापासून लांब राहा, तिथे स्ट्रेस एकवटलेला असतो, तुमच्या हाताच्या हिशोबाशी तो जुळणार नाही. स्ट्रटवर एकच गेज लावणारे भेटतात, त्यांना विचारा की स्ट्रट थोडा वाकला तर? ज्या बाजूला गेज आहे तिथे लोड कमी दिसेल किंवा जास्त, खरं कधीच कळणार नाही. आय-सेक्शनला कमीत कमी समोरासमोर दोन, पाइपला तीन किंवा चार, आणि सरासरी घ्यायची, सरासरी म्हणजे ॲक्सियल (लांबीच्या दिशेचा सरळ दाब किंवा ताण) आणि त्यातला फरक म्हणजे बेंडिंग. स्ट्रेसची दिशाच माहीत नसेल, उदाहरणार्थ सपोर्टजवळचा वेब (गर्डरची मधली उभी पट्टी), तर तीन दिशांचं रोझेट लावायचं.

आरसीसी बीमच्या खालच्या बाजूला, म्हणजे ताणाच्या बाजूला, काँक्रीटवर फॉइल गेज लावू नका असं मी सांगेन. क्रॅक गेजच्या खालून गेला तर रीडिंग एकदम उडी मारतं किंवा गेज तुटतं, आणि क्रॅक बाजूने गेला तर उलटंच होतं, लोड वाढतोय आणि रीडिंग खाली येतंय, कारण क्रॅकशेजारचं काँक्रीट सुटतं आणि ताण सगळा सळईकडे जातो. नवीन माणूस हे बघून गेज खराब झालं म्हणतो. तिथे कव्हर फोडून सळईवर गेज लावा, किंवा क्रॅक मधे घेऊन डीमेक, पण मग आकडा क्रॅकसकट सरासरी आहे हे लिहा.

स्टीलवर चिकटवणं

पेंट, गंज सगळं ग्राइंडरने काढायचं, पण खड्डा पाडायचा नाही. मग ॲसिटोन किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) तेलकटपणा पुसायचा, आणि हे घासायच्या आधी, नाहीतर पॉलिश पेपर तेच तेल धातूत रगडतो. २२० चा पेपर, मग ३२० किंवा ४००, तिरक्या आडव्या-उभ्या रेघा येतील असा घासायचा, आरशासारखा चकचकीत नको, गोंदाला धरायला काहीतरी हवं. बॉलपेन किंवा कडक पेन्सिलीने सेंटरच्या खुणा, खरवडून नाही. शेवटी पुन्हा सॉल्व्हंट, गॉजच्या तुकड्याने एकाच दिशेने एकदा पुसायचं, तुकडा फेकायचा, नवा घ्यायचा, जोवर गॉज पांढरा स्वच्छ निघत नाही तोवर. पुढे-मागे घासलात तर मघाशी काढलेली घाण परत तिथेच. आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, तोंडाने फुंकर तर अजिबात मारायची नाही.

गेज चिमट्याने काढून स्वच्छ काचेवर ठेवा, सोल्डर टॅब वरच्या बाजूला, वरून सेलोटेप लावा आणि टेपसकट उचला, म्हणजे खुणेवर नीट बसवता येतं. बसलं की टेप एका बाजूने अर्धी उचलायची, सायनोॲक्रिलेटचा (झटपट धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, एकच, टेप परत खाली सरकवत आणायची आणि प्लॅस्टिकच्या कागदावरून अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचं. मधे उचलून बघायचं नाही! मग टेप अगदी सपाट कोनातून सोलायची. गेजच्या कडा नखाने उचलल्या जात असतील तर ते काढून नवीन लावा, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

जाड वायर गेजच्या टॅबवर थेट सोल्डर करू नका, बाजूला छोटा टर्मिनल चिकटवा, टॅबपासून तिथवर बारीक तार आणि तिथून पुढे वायर न्या, वायर ओढली गेली तर टर्मिनल निघेल, गेज वाचेल.

काँक्रीटवर आणि काँक्रीटच्या आत

पहिली गोष्ट, गिलावा काढा. हसू नका, गिलाव्यावर चिकटवलेली गेजं असतात. गिलाव्याखालची पांढरट साय पण ग्राइंडरने काढायची, खडी जराशी दिसेपर्यंत. ब्लोअरने धूळ उडवा, ओल असेल तर वाळवा, मग इपॉक्सीचा पातळ हात देऊन भोकं बुजवा, दुसऱ्या दिवशी तो घासून सपाट करा आणि त्यावर गेज. हा एक दिवस वाचवायला जाऊ नका, ओलावा खालूनच येतो.

सळईवरचं गेज काँक्रीटिंगच्या आधी लावायचं असेल तर रिब जेवढ्यास तेवढ्या घासा, सळईचा एरिया खाल्ला तर तिथलाच स्ट्रेन वाढतो. वरून मेण किंवा सिलिकॉन, त्यावर ब्युटिल टेप, त्यावर ॲल्युमिनियम टेप. केबल सळईच्या खालच्या अंगाने बांधत न्या म्हणजे वरून पडणारी खडी तिच्यावर आदळत नाही. आणि काँक्रीटच्या दिवशी मुकादमाला आणि व्हायब्रेटर धरणाऱ्याला जागेवर नेऊन बोटाने दाखवा, लाल टेप लावा, चहा पाजा, काय वाट्टेल ते करा, कारण गेज सगळ्यात जास्त मरतात ती व्हायब्रेटरच्या नीडलने. महत्त्वाच्या ठिकाणी एकाला दोन लावायची ती याचसाठी.

वायर आणि ब्रिज

फॉइल गेज एकटं असेल तर क्वार्टर ब्रिज (चार हातांपैकी एकाच हातात गेज), आणि तिथे तीन वायरच वापरायच्या. दोन वायरने काय होतं ते बघा. ०.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १५ मीटर जायची आणि १५ यायची, रेझिस्टन्स साधारण १ ओहम. तांबं दर अंशाला ०.३९ टक्के वाढतं. सकाळपासून दुपारपर्यंत १० अंश चढले की ०.०३९ ओहम, भागिले १२०, भागिले गेज फॅक्टर २, आले १६० मायक्रोस्ट्रेन. पूल जागचा हललेला नाही, एकही गाडी आली नाही, नुसती वायर उन्हात पडली होती. तीन वायर लावल्या की ही वाढ ब्रिजच्या दोन शेजारच्या हातांत समान जाते आणि कटते.

काँक्रीटवर शक्यतो ३५० ओहमचं गेज घ्या आणि एक्सायटेशन (ब्रिजला दिलेलं व्होल्टेज) कमी ठेवा, १-२ व्होल्ट, कारण काँक्रीट उष्णता ओढून घेत नाही, गेज स्वतःच्याच करंटने तापतं आणि रीडिंग सरकत राहतं.

जोडून झालं की इन्सुलेशन तपासा, गेज आणि स्टील यांच्यात ५०० मेगाओहमच्या वर हवं. पण इलेक्ट्रिशियनचा ५०० व्होल्टचा मेगर लावू नका, गेज जाईल, ५० व्होल्ट किंवा त्याच्या खालचा टेस्टर हवा. मग शंट कॅलिब्रेशन: १२० ओहमच्या गेजला समांतर ५९.८८ किलोओहमचा रेझिस्टर लावला की मीटरने गेज फॅक्टर २ वर बरोबर उणे १००० मायक्रोस्ट्रेन दाखवायला हवेत. ९६० दाखवतोय तर सेटिंग, वायर, गेज फॅक्टर, कुठेतरी गोंधळ आहे, तो शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

साइटवर जायच्या आधी टेबलावर

लोखंडाची २५ बाय ५ मिमीची पट्टी घ्या, एक टोक व्हाइसमध्ये पकडा, पकडीजवळ वरच्या बाजूला गेज, आणि गेजपासून २५० मिमीवर १ किलोचं वजन टांगा. मोमेंट साधारण २४५० न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस १०४ घन मिमी, भागून स्ट्रेस साडेतेवीस एमपीए, म्हणजे ११८ मायक्रोस्ट्रेन. पट्टी उलटी केली की उणे ११८. वजन काढलं की शून्य. हे तिन्ही आकडे चार-पाच टक्क्यांत येईपर्यंत साइटचं नाव काढू नका. दोन्ही बाजूंना गेज लावून हाफ ब्रिज (दोन हातांत गेज) करा, रीडिंग दुप्पट येईल आणि पट्टीला हात लावून गरम केलं तरी फारसं हलणार नाही, ब्रिज म्हणजे काय हे तिथे जेवढं समजतं तेवढं कुठल्याच लेक्चरमध्ये समजत नाही.

झीरो आणि टेम्परेचर

आता मुद्द्याचं. गेज लावल्या क्षणापासूनचा बदल फक्त कळतो. चाळीस वर्षं उभा असलेल्या पुलावर आज गेज लावलं तर डेड लोडचा (पुलाच्या स्वतःच्या वजनाचा) स्ट्रेन त्यात नाही, प्रीस्ट्रेसचा (केबल ओढून आधीच दिलेल्या दाबाचा) नाही, काहीच नाही, आजचं शून्य ते तुमचं शून्य. क्लायंट विचारतो की गर्डरमध्ये आत्ता स्ट्रेस किती आहे, तर या गेजवरून ते सांगता येत नाही असं स्पष्ट सांगा, त्यासाठी खाच पाडून किंवा भोक पाडून ताण मोकळा करायच्या वेगळ्या पद्धती आहेत.

टेम्परेचरचं असं की स्टील दर अंशाला १२ मायक्रोस्ट्रेन वाढतं, काँक्रीट साधारण १०. स्टीलसाठी कॉम्पेन्सेटेड (स्टीलची ही वाढ आपोआप वजा करणारं) फॉइल गेज घेतलं तर मोकळा गर्डर तापल्यावर ते जवळपास शून्यच दाखवतं. पण दोन्हीकडून अडवलेला स्ट्रट १० अंशांनी तापला तर त्याची लांबी बदलत नाही आणि गेज मात्र उणे १२० दाखवतं, आणि ते खरंच आहे, २४ एमपीएचा दाब आत आलेला आहे. दुपारी स्ट्रटचं लोड वाढलं म्हणून घाबरायच्या आधी आणि वाढ नुसती टेम्परेचरची आहे म्हणून सोडून द्यायच्याही आधी हे लक्षात घ्या, टेम्परेचरचा स्ट्रेस हाही स्ट्रेसच.

व्हायब्रेटिंग वायर काँक्रीटमध्ये असेल तर तार स्टीलची, साधारण १२.२, आणि भोवतालचं काँक्रीट १०, म्हणून २० अंश वाढले की काही न होता उणे ४४ दिसतं, तेवढे ४४ रीडिंगमध्ये अधिक करायचे. गेजमध्ये थर्मिस्टर (टेम्परेचर मोजणारा) त्यासाठीच असतो, त्याच्या दोन वायर कंटाळा करून तशाच सोडू नका.

आणि काँक्रीटमध्ये स्ट्रेन म्हणजे स्ट्रेस नव्हे. एम २५ चा कॉलम, ५ एमपीए लोड, लगेच येतात २०० मायक्रोस्ट्रेन. लोड २८ दिवसांना आलं असेल तर कोडचा क्रीप (लोड तेवढंच असताना हळूहळू वाढणारा स्ट्रेन) कोइफिशिएंट १.६, म्हणजे कालांतराने अजून ३२०. श्रिंकेज (वाळताना काँक्रीटचं आकसणं) कोडप्रमाणे ३००. बेरीज ८२०. काही वर्षांनी कोणीतरी ८२० ला २५,००० ने गुणतो, साडेवीस एमपीए येतात, आणि कॉलम गेला म्हणून ओरड होते. कॉलमवर लोड अजून तेवढंच आहे. म्हणून धरणात आणि मोठ्या कामात शेजारी एक लोड न येणारा डबा पुरतात, तेच काँक्रीट, आत तसंच गेज, त्याच्यावर दिसतो तो नुसता श्रिंकेज आणि टेम्परेचर, तो वजा करायचा, आणि क्रीपचा हिशोब वेगळा धरायचा.

लोड टेस्टच्या दिवशी

पुलासाठी आयआरसी एसपी ५१ (इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल लोड टेस्टच्या सूचना) आधी वाचून घ्या. वेळ पहाटेची किंवा रात्रीची, टेम्परेचर स्थिर असतं तेव्हाची. ट्रक काट्यावर वजन करून आणायचे, चलनावरचं वजन चालणार नाही, आणि प्रत्येक एक्सलची जागा खडूने रस्त्यावर मारून ठेवायची. सगळं जोडून निदान अर्धा तास रिकाम्या पुलाची रीडिंग घ्या, ती किती सरकतात तेच तुमच्या मोजणीचं माप, रिकाम्यालाच १५ सरकत असेल तर ट्रकचे २० कोणाला सांगणार. मग ट्रक, रीडिंग थांबेपर्यंत वाट बघा, ट्रक काढा, परत रिकामं. हे तीनदा तरी.

ट्रक गेल्यावर रीडिंग शून्याच्या जवळ आलं नाही तर लगेच पूल यील्ड झाला असं लिहू नका. आधी टेम्परेचर बघा, मग शेजारच्या गेजला पण तेच आहे का, एकाच गेजला असेल तर बहुतेक गोंद सुटतोय. सगळ्यांनाच असेल आणि दुसऱ्या फेरीत तेवढाच आणखी वाढला तर मात्र काम थांबवून डिझायनरला फोन करा, तिसरी फेरी घेऊ नका.

वहीत प्रत्येक रीडिंगसमोर वेळ, स्टीलचं टेम्परेचर, ऊन की सावली, आणि गेजचा नंबर. गेज फॅक्टर आणि लॉट नंबर पाकिटावर असतो, पाकीट फेकू नका, वहीतच चिकटवा. उरलेला सायनोॲक्रिलेट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, आणि पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत ओल धरते आणि पुढची पाच गेजं वाया जातात.